तात्यासाहेबांचे उपास

तात्यासाहेबांनी आयुष्यात दोनच गोष्टी जीव ओतून केल्या. एक वजनमापे खात्यातली निरीक्षकाची नोकरी आणि दुसरं जेवण. नोकरीतून सरकारनं त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं. जेवणातून निवृत्त व्हायचा मात्र त्यांचा अजिबात विचार नव्हता.

नोकरीत माणूस भलता कडक. पारड्याखाली पासंग म्हणून चिकटवलेली चिंच त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच दिसायची. धान्याच्या मोंढ्यात त्यांची गाडी शिरली की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंतचे काटे आपोआप खरं बोलायला लागतात, असं व्यापारी म्हणत आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. दहा ग्रॅमलाही त्यांनी कधी कुणाला सोडलं नाही. दुकानदाराचा चहासुद्धा कधी घेतला नाही, थर्मास घरून न्यायचे.

ताटासमोर बसल्यावर हाच माणूस सगळी मापं विसरायचा. करमाडकडचं खातंपितं शेतकरी घर, 'वाढा, अजून वाढा' ऐकत पोसलेला पिंड. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारे दमायचे, हे दमत नसत. इथवर ठीक होतं. खवय्या म्हणून लोक कौतुकही करायचे. त्यापलीकडचं जे होतं ते कुणाला माहीत नव्हतं. सत्यनारायणासाठी आणलेले अर्धा किलो पेढे ते गाडीतच बसून संपवत, रिकामा खोका मुकुंदवाडीच्या कचराकुंडीत टाकत, पुन्हा दुकानात जात आणि दुसरा अर्धा किलो घेऊन घरी येत. खाताना मजाही येत नसे. हात थांबत नसे, एवढंच. तोंड पुसून घरात शिरताना त्यांना स्वतःची लाज वाटायची आणि लाज वाटली की पुन्हा काहीतरी खावंसं वाटायचं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात गुलमंडीवर कचोऱ्या खाऊन ते औरंगपुऱ्याकडे निघाले होते. मागून एक बांगडीवाली धावत आली. "ओ काका, तुमची चप्पल ऱ्हायली की तिकडं!" तात्यासाहेबांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती चार दुकानं मागं पडली होती आणि अनवाणी पाय रस्त्यावरच्या खडी-काचांवरून चालत आला होता, तरी त्यांना पत्ता नव्हता. तो पाय आपलाच आहे हे त्यांना डोळ्यांनी बघून पटवावं लागलं. ते फार घाबरले. तिथंच एका ओट्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर तीनशे बारा. "आज चप्पल राहिली," त्या म्हणाल्या, "असंच खात राहिलात तर उद्या बोट राहील. मग पाऊल. गोळ्या मी देते, पण तोंड तुमचं तुम्हालाच आवरायला लागेल."

तोंड आवरायचं कसं, हे विचारायला तात्यासाहेब ज्या माणसाकडे गेले तो डॉक्टर नव्हता. शहागंजात मजीदभाईंचं काटे दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. तीस वर्षं तात्यासाहेब त्यांच्या कामाची तपासणी करत आले होते आणि तीस वर्षं मजीदभाई त्यांना 'साहेब' म्हणत आले होते. या मजीदभाईंचं वजन एके काळी एकशे सोळा किलो होतं. बाजारात त्यांना 'मजीद क्विंटल' म्हणत. मटणाच्या नान-खलियाची देगची उतरली की पहिला वास त्यांना आणि शेवटचा घासही त्यांचाच. गेल्या तीन वर्षांत हा माणूस अठ्ठ्याहत्तरवर आला होता आणि तिथंच टिकला होता.

"साहेब, सोपं आहे पण हलकं नै," मजीदभाई म्हणाले. "तीन जेवणं. वजन करून. मधे काई नै. साखर, मैदा, तळण ताटात नक्को. अन् रोज सकाळी सहाला मला फोन. आज काय खाणार ते ग्रॅमसकट सांगायचं. सांगितलं तेवढंच खायचं. तुमचं झालं की माझं मी तुम्हाला सांगणार."

"तुमचं कशाला आता? तुमचं तर झालं की अडतीस किलो कमी."

"ये बीमारी जाती नै, साहेब. दाराबाहेर बसून राहते. रोज सकाळी कडी लावायला लागते, अन् एकट्याच्या हातानं लागत नै."

मजीदभाईंनी त्यांना स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा काटा दिला. स्वतः तपासून, स्वतः पुसून. दर रविवारी दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभं राहायचं असं ठरलं. पहिल्या दिवशी एकशे चार भरले.

पहिले चार आठवडे तात्यासाहेब खरंच नेकीनं वागले. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई ज्वारीचं पीठ काट्यावर ओतायच्या, साठ ग्रॅमला थांबायच्या आणि त्यातून जी भाकरी निघायची तिच्याकडे तात्यासाहेब लहान मुलाचा तळहात बघावा तसे बघायचे. दुपारी चार वाजता त्यांचा हात आपोआप फडताळाकडे जायचा. ते उठून अंगणात फेऱ्या मारायचे. एन-नऊ वसाहतीतल्या त्यांच्या गल्लीतल्या कुत्र्यांनीही त्यांना ओळखायला सुरुवात केली. चौथ्या रविवारी काट्यानं नव्याण्णव दाखवले. मजीदभाईंनी वहीत आकडा लिहिला आणि तात्यासाहेबांना मिठी मारली. तीस वर्षांत साहेबांना मिठी मारायची त्यांची हिंमत झाली नव्हती.

पाचव्या आठवड्यात संकष्टी आली.

संकष्टी मनकर्णाबाईंची होती. फुलंब्रीच्या माहेराहून आलेला उपास, चाळीस वर्षं अखंड. तुपात जिरं तडतडलं, दाण्याचं कूट पडलं, साबुदाण्याची खिचडी परतली गेली आणि वास बाहेरच्या खोलीत फोन हातात घेऊन बसलेल्या तात्यासाहेबांपर्यंत आला. सहा वाजले होते. फोन लागला. तोंडातून काय निघतंय ते त्यांचं त्यांना कळायच्या आत निघून गेलं.

"मजीदभाई, आज माझा उपास हाय."

मजीदभाई अदबीनं म्हणाले, "बरं साहेब. अल्ला कबूल करे."

बस. ग्रॅम नाही, भाकरी नाही, प्रश्न नाही. एरवी दोडक्याच्या भाजीत तेल किती चमचे हे विचारणारा माणूस उपास म्हटल्यावर गप्प झाला. दुसऱ्याच्या धर्माच्या गोष्टीत बोट घालायचं नाही, ही मजीदभाईंची जन्माची शिस्त. तात्यासाहेबांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी दोन ताटल्या खिचडी, चार वडे आणि वर राजगिऱ्याचा लाडू हाणला. मनाला समजावलं तेही मोठ्या कायदेशीर पद्धतीनं. नियम जेवणाचा आहे, हा फराळ. फराळाला जेवण म्हणत नाहीत. शिवाय देवाच्या नावाचं अन्न काट्यावर कसं ठेवायचं? ज्या माणसानं आयुष्यभर व्यापाऱ्यांच्या पळवाटा बंद केल्या, त्यानं स्वतःसाठी एवढी रुंद वाट काढली की बैलगाडी जावी.

मग काय, तात्यासाहेबांची भक्ती उतू जायला लागली. सोमवार महादेवाचा धरला. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीची आठवण झाली, शुक्रवारी देवीची, आणि रविवारी शहराजवळच्या सातारा गावचा खंडोबा रागवायला नको म्हणून त्याचाही उपास सुरू झाला. राहता राहिला बुधवार. बुधवारी ते काटेकोर वागायचे, दोडकं ग्रॅमवर खायचे आणि संध्याकाळी गुरुवारचा साबुदाणा भिजत पडला की त्यांना गाणं सुचायचं.

मनकर्णाबाईंना पहिले आठ दिवस नवऱ्याचं कौतुक वाटलं. नंतर दाणे भाजून भाजून हात दुखायला लागले तेव्हा कौतुक ओसरलं.

"म्या चाळीस वर्सं उपास करती," त्या कढईतला सातवा वडा काढत म्हणाल्या, "माझं वजन कधी वाढलं नाय. तुमालाच कसे काय देव एवढे पावत्यात?"

"श्रद्धा लागती," तात्यासाहेब म्हणाले.

"व्हय. एकादशी अन् दुप्पट खाशी. मजीदभाऊंना सांगता का किती वडे खाल्ले ते?"

"त्यांना कशाला आपल्या उपासाचं सांगायचं? त्यांचा धर्म येगळा."

"धर्म येगळा आसंल, वडा तर त्योच हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. तात्यासाहेबांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. वडा गरम होता.

काट्याला मात्र श्रद्धा कळत नाही. रविवारी नव्याण्णवाचे शंभर झाले, तेव्हा तात्यासाहेबांनी स्वेटरवर ढकललं. एकशे दोन झाले तेव्हा थंडीत हाडं जड होतात असं सांगितलं. एकशे चार झाले तेव्हा खोकला काढला. मजीदभाई प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहायचे आणि काळजीनं त्यांच्याकडे बघायचे. ती काळजी तात्यासाहेबांना सहन होत नसे. परत येताना रिक्षातून उतरून ते केळी घ्यायचे. केळी उपासाला चालतात.

असं करत करत रमजान आला. पहिल्याच रविवारी तात्यासाहेब दुकानात गेले तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली होती. सुकलेल्या ओठांनी मजीदभाई हसले, "या साहेब." तात्यासाहेब काट्यावर चढले आणि आकडा सगळ्यांनी पाहिला. एकशे सहा. जिथून सुरुवात केली त्याच्या दोन किलो वर.

गिऱ्हाइकांपैकी एक जण गालात हसला. कदाचित दुसऱ्याच कशाला हसला असेल. तात्यासाहेबांचे कान तापले. चाळीस-चाळीस दुकानदार ज्यांच्यासमोर घाम पुसत उभे राहिले ते आपण, आणि आज काट्यावर आपण चोर.

"मजीदभाई," ते निरीक्षकाच्या जुन्या आवाजात म्हणाले, "काटा मारतोय तुमचा."

मजीदभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते उठले. सरकारी शिक्क्याची तीन लोखंडी वजनं त्यांनी एकावर एक ठेवली. वीस, चाळीस, साठ. काट्यानं ग्रॅमही इकडचा तिकडं केला नाही.

इथं तात्यासाहेब गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण तीस वर्षांचा अनुभव कधीकधी नको तिथं कामाला येतो. "साठपर्यंत बरोबरच दाखवणार," ते म्हणाले. "शंभराच्या वर मारतो. आसले काटे लई पाह्यलेत मी. खाली सरळ, वर वाकडे."

हे खोटं फक्त निरीक्षकालाच सुचलं असतं. मजीदभाईंकडे शंभर किलोची वजनं नव्हती. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "तुम्ही म्हणता म्हणजे असंल," ते हळू आवाजात म्हणाले. "बघतो खोलून."

सोमवारी सहाला फोन लागला. "साहेब, आज माझं काही सांगत नै," मजीदभाई म्हणाले. "आधी काटा बघू द्या." मंगळवारी फोन उचललाच नाही. बुधवारी सकाळी मनकर्णाबाईंचा फोन वाजला. सगीराभाभी होत्या, मजीदभाईंच्या पत्नी. मनकर्णाबाई बराच वेळ नुसतं 'आगं बाई' करत राहिल्या. मग फोन ठेवून नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दोन दिवस झाले, मजीदभाऊ काटा खोलून बसलेत. गिऱ्हाईक परत पाठवत्यात. अन् काल रोजा सोडताना भजे खाल्ले. अकरा. तीन वर्सांत पयल्यांदा. खाऊन रडले म्हणं." त्यांनी पदर खोचला. "आता सांगा, कंच्या देवाचा उपास हाय आज?"

बुधवार होता.

दुपारी ते शहागंजात पोचले. दुकानाचं अर्धं शटर खाली होतं. आत वर्तमानपत्रावर काट्याचे भाग मांडलेले, स्क्रू एका वाटीत, वायरी एका बाजूला. मजीदभाई मध्ये मांडी घालून बसले होते. एकशे सोळाचे असताना त्यांना अशी मांडी घालता येत नसे.

"या साहेब. सापडत नै बघा. लोडसेल बघितला, पाय बघितले, वायर न् वायर बघितली. कुठं मारतो कळतच नै."

"मजीदभाई, आसंल माझा काही गैरसमज…"

"नै नै. तीस बरस में तुम्ही सांगितलेली खोट कधी नसलेली निघाली नै. असणारच." मग त्यांनी हातातला स्क्रू वाटीत टाकला. "मला एकच सांगा. मारतो तर कधीपासून? मी एकशे सोळा होतो ते याच्याच वर. अठ्ठ्याहत्तर झालो ते पण याच्याच वर. मग माझे अडतीस किलो गेले का नै?"

समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर शर्ट लोंबत होता.

"कपडे ढिले झालेत, दिसतं मला," मजीदभाई म्हणाले. "पण साहेब, आपल्यासारख्याचं मन लई चालू असतं. त्याला काट्यानंच गप्प बसवावं लागतं. काल मन बोललं, काटाच खोटा, तर तू कशाला उपाशी मरतो? खा. मी खाल्ले."

तात्यासाहेबांना आपल्या करणीची शरम वाटली, आणि तरीही त्यांनी आधी स्वतःची अब्रू वाचवायचा एक शेवटचा प्रयत्न केला, कारण माणूस एका दिवसात सुधारत नाही. "काटा जुळवा," ते म्हणाले, "मी शंभराची वजनं आणतो." ते शेजारच्या धान्याच्या दुकानात गेले. त्यांना पायरीवर बघताच म्हाताऱ्या दुकानदारानं सवयीनं काट्यावरचं फडकं काढलं आणि हात जोडले. "अहो, मी रिटायर झालो," तात्यासाहेब म्हणाले, "मला फक्त तुमची वीस-वीसची जुनी वजनं पायजेत." आणखी दोन दुकानं फिरून जुळवाजुळव झाली आणि हातगाडीवर दोन वजनं आली. तोवर मजीदभाईंनी काटा जुळवला होता. मजीदभाईंच्या तिन्हींवर ती दोन चढली. ऐंशी. शंभर. आकडा शंभरावर येऊन उभा राहिला आणि हलला नाही.

मजीदभाईंनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "या अल्ला. म्हणजे काटा बरोबर."

"बरोबर. माझीच नजर चुकली आसंल," तात्यासाहेब म्हणाले आणि सुटलो म्हणून रुमाल काढला.

मजीदभाई मात्र वही उघडून बसले होते. कपाळाला आठ्या. "काटा बरोबर, तर मग साहेब, तुमचं वजन कसं वाढलं? आठवड्याला सहा दिवस उपाशी राहून? ही दुसरीच कोणती बीमारी असंल. डॉक्टरला दाखवा. मी घाबरलोय. सगीरा रोज पहाटे सेहरीला तुमच्यासाठी दुआ करते."

"माझ्यासाठी?"

"हौ. साखरेचा माणूस अन् एवढे कडक उपास. मी तिला सांगतो, साहेब सहा दिवस पाण्यावर राहतात, मग मी एक खजूर तरी जास्त कसा खाऊ? तुमच्याच जोरावर टिकलो मी एवढे दिवस."

आता आली का पंचाईत. खरं सांगावं तर मजीदभाईंचा आधार जातो, न सांगावं तर आपलं ढोंग त्यांच्या घरच्या दुआवर पोसतं. तात्यासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. काट्यावर शंभर किलो लोखंड गप्प बसलं होतं. दुकानदारांनी अशा वेळी काय काय सबबी सांगितल्या होत्या त्या सगळ्या त्यांना आठवल्या, आणि त्यातली एकही आपण कधी मानली नव्हती हेही आठवलं.

"मी उपाशी नव्हतो, मजीदभाई."

"म्हणजे?"

"साबुदाण्याची खिचडी. भगर. शेंगदाण्याची आमटी. बटाट्याचे वेफर. लाडू. सहाही दिवस."

मजीदभाई थांबून थांबून म्हणाले, "साबुदाणा मला माहीत आहे साहेब, मी याच शहरातला आहे. पण ते बाकीच्यांचं. तुम्ही दहा ग्रॅमला न सोडणारे. मला वाटलं तुमचा उपास पाण्यावरचा असणार." मग त्यांनी सवयीनं पेन्सिल उचलली. "वडे पण?"

"वडे पण."

"किती?"

"सात."

"दिवसभरात?"

"एका बैठकीत."

मजीदभाईंनी ओठ दाबून धरले, वहीत सात लिहायचा प्रयत्न केला, आणि मग त्यांचा बांध फुटला. रोजाच्या कोरड्या घशानं ते एवढे हसले की खोकला लागला, आणि पाणी तर पिता येत नव्हतं. तात्यासाहेब त्यांची पाठ चोळत राहिले. हसू ओसरलं तेव्हा मजीदभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सगळंच हसण्याचं नव्हतं.

"खाल्लं त्याचं काई नै साहेब. मी पण अकरा भजे खाल्ले. पण तुम्ही चार लोकांत माझ्या काट्याला खोटा म्हणाले. दुसऱ्यानं म्हटलं असतं तर मी त्याला हाकलला असता. तुम्ही म्हणाले म्हणून मी खोलला."

तात्यासाहेबांनी हजारो काट्यांवर शिक्के मारले होते, काटेवाल्याची माफी कधी मागितली नव्हती. आज मागितली. "चुकलो मी. काटा सरळ हाय अन् तुमचे अडतीस किलो खरे हायेत. पासंग माझ्यात व्हता." बाहेर पडताना ते धान्याच्या दुकानातही गेले आणि मजीदभाईंचा काटा चोख असल्याचं, कुणी विचारलं नसताना, मोठ्यानं सांगून आले.

गुरुवारी सहाचा फोन पाऊण तास चालला, कारण संकष्टीपासून खाल्लेलं सगळं त्यात आलं. वेफरला आले तेव्हा मजीदभाई म्हणाले, "थांबा साहेब, पान उलटतो."

शुक्रवारी एकादशी होती. मनकर्णाबाईंनी स्वतःपुरता साबुदाणा भिजवला होता. पहाटेच तूप तापलं, जिरं तडतडलं आणि तोच वास बाहेरच्या खोलीत आला. तात्यासाहेबांनी दोन्ही हातांनी फोन धरला.

"मजीदभाई, आज एकादशी हाय."

पलीकडून अगदी जपून विचारणा झाली, "मग साहेब, उपास?"

"व्हय. आज लई कडक हाय," तात्यासाहेब म्हणाले. "सकाळी भाकरी, पीठ साठ ग्रॅम. दोडक्याची भाजी दीडशे. दही शंभर."

आत उलथनं कढईवर आपटलं. "एकादशीला भाकरी! सासूबाई असत्या तर…" मनकर्णाबाई दारात आल्या. नवऱ्याच्या कपाळावर थंडीतही घाम होता. त्या आल्या पावली आत गेल्या.

"लिहिलं साहेब," मजीदभाई म्हणत होते. "आता माझं लिहा. इफ्तारीला खजूर तीन. भजे शून्य."

तात्यासाहेब लिहून स्वयंपाकघरात आले. मनकर्णाबाईंनी खिचडीवर झाकण घालून कढई खिडकीत सरकवली होती, वास बाहेर जावा म्हणून. ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला होता. काट्यावर पीठ पडलं. त्रेसष्ट. त्यांनी चिमूट भरून तीन ग्रॅम परत डब्यात टाकलं.

"राहू द्या की तेवढं," तात्यासाहेब काकुळतीनं म्हणाले. "एकादशी हाय."

"म्हणूनच," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि परातीत पाणी घातलं.